दहा शिंगरांतलं कुठलं ठेवायचं? घोड्यांच्या खेळातली नराची निवड

संगणकावर घोड्यांची पैदास करायच्या खेळात शिंगरू जन्मलं की पहिला प्रश्न येतो तो नावाचा. माझ्या मते घोटाळा तिथूनच सुरू होतो. 'बिजली', 'कृष्णा', 'सरदार' असं काही नाव दिलं की ते शिंगरू आपलं होतं, आणि आपलं झालेलं शिंगरू विकायला किंवा खच्ची करायला हात धजावत नाही. दोन-तीन महिन्यांत तबेल्यात पंधरा-वीस अंडील घोडे जमतात. त्यांतले बहुतेक कधीच घोडीवर लागत नाहीत, पण जागा अडवतात आणि चारा खातात. म्हणून निर्णय होईपर्यंत मी नर शिंगरांना फक्त क्रमांक देते. नाव मिळतं ते तबेल्यात राहणाऱ्यालाच.

आधी शब्द नीट लावून घेऊ. घोड्याचं पिल्लू म्हणजे शिंगरू. नर शिंगरू खच्ची न करता मोठं केलं तर तो अंडील घोडा. त्याला माद्यांवर सोडायचं ठरलं की तो पैदाशीचा, म्हणजे वळू. खच्ची केलेला घोडा स्पर्धेत उतरतो, बक्षिसं आणतो, पण त्याचा वंश तिथेच थांबतो. खेळांत यांनाच कोल्ट, स्टॅलियन आणि गेल्डिंग म्हणतात. कुठल्या कोल्टला स्टॅलियन होऊ द्यायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे. पण त्यात जनुकशास्त्र, हिशेब आणि थोडं मन मारणं, तिन्ही येतं.

नर निवडताना जास्त कडक का व्हायचं, हे आकड्यांतून चटकन कळतं. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि साधारण वर्षाला एक शिंगरू देते. घोडा मात्र एका हंगामात कितीतरी घोड्या भरवू शकतो. अमेरिकेतल्या जॉकी क्लबने २०२० साली असा नियम आणला होता, की २०२० पासून जन्मलेल्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या वळूने वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या भरवू नयेत. २०२२ मध्ये तो मागेही घेतला. मर्यादा म्हणून जिथे १४० हा आकडा सुचतो, तिथे एका नराचा पसारा केवढा असेल याचा अंदाज यावा. निवडलेली घोडी चुकीची निघाली तर वर्षाचं एक शिंगरू वाया जातं. निवडलेला घोडा चुकीचा निघाला तर अख्खी पिढी वाया जाते.

आता एक छोटा हिशेब. तुमच्याकडे २० घोड्या आहेत. हंगामात २० शिंगरं झाली, त्यांतली साधारण १० नर आणि १० माद्या. गुणांची सरासरी समजा ६० आहे आणि शिंगरांमधला नेहमीचा फरक सरासरीच्या वर-खाली १० गुणांचा. अशा दहांतलं सर्वांत चांगलं शिंगरू सरासरीच्या साधारण १५ गुण वर असतं. दहांतली पहिली पाच घेतली तर त्यांची सरासरी फक्त ७ गुण वर येते. घोड्या जास्त लागतात, म्हणून माद्यांतल्या पाच ठेवाव्याच लागतात. नर मात्र एकच ठेवला तरी काम भागतं. शिंगराला निम्मं बापाकडून आणि निम्मं आईकडून मिळतं. म्हणजे पुढच्या पिढीची वाढ झाली १५ आणि ७ यांची निम्मी, सुमारे ११ गुण. त्यातले साडेसात एकट्या नराने दिले. आणि 'सगळेच गोड आहेत' म्हणून नरही पाच ठेवले, तर हीच वाढ ७ वर येते. चार गुण फक्त प्रेमापोटी गेले.

हे आकडे कागदावरचे आहेत. खेळ जे दाखवतो ते खरंच आनुवंशिक असेल, तरच ते जसेच्या तसे लागू पडतात. इथेच बहुतेक खेळाडू फसतात.

दिसणारा आकडा आणि मुरलेला आकडा

घोड्याच्या पानावर दोन प्रकारचे आकडे असतात. काही जन्मतः मिळालेले, काही कमावलेले. हाउर्स हा फ्रान्समध्ये तयार झालेला, ब्राउझरवर खेळायचा जुना खेळ घ्या. तो बनवणारी ओलियांत कंपनी २०११ साली युबिसॉफ्टने विकत घेतली. त्यात तग, वेग, ड्रेसाज (शिकवलेल्या तालबद्ध चाली), गॅलप (चौखूर दौड), ट्रॉट (दुडकी चाल) आणि उडी अशी सहा कौशल्यं आहेत, आणि प्रत्येक घोड्याची एक जन्मजात आनुवंशिक क्षमता आहे. याशिवाय 'ब्लप' नावाचा आकडा आहे, उणे १०० ते अधिक १००. शिंगरू जन्मतं तेव्हा ब्लप तळाशी असतो. घोड्याचं वय, पूर्ण झालेलं प्रशिक्षण आणि जिंकलेल्या स्पर्धा यांवर तो चढतो. ब्लप भरलेल्या आईबापांची शिंगरं वरच्या क्षमतेची होतात, म्हणून खेळाडू तो शंभरला नेण्याच्या मागे असतात.

आता यातून नर निवडायचा कसा? नवखा खेळाडू शिंगराचा ब्लप बघतो. ते व्यर्थ आहे, कारण जन्मतः तो सगळ्यांचाच सारखा वाईट असतो. काही जण आधी सगळ्या नरांचा ब्लप शंभरला नेतात आणि मग निवडतात. ते महाग पडतं. त्या खेळात घोडा दिवसाला दोन महिन्यांनी मोठा होतो. वय वाढवणारे गुण खर्च केले नाहीत तर दहा वर्षांचा व्हायला साठ दिवस लागतात. दहा नरांना साठ दिवस पोसून त्यांतले नऊ काढून टाकणं म्हणजे पूर्ण शेत निंदून एका सरीचं पीक घेणं. हाउर्समध्ये निवड जन्माच्या दिवशी करावी, ती जन्मजात क्षमतेवर करावी, आणि मेहनत निवडलेल्यावरच खर्चावी.

ब्लप हा शब्द खेळाने मनाने काढलेला नाही. कॉर्नेल विद्यापीठातले चार्ल्स हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दुभत्या जनावरांची पैदास-किंमत काढायला एक गणिती पद्धत उभी केली. ब्लप हे तिचं आद्याक्षरी नाव. सोप्या शब्दांत, हाती आहे तेवढ्या माहितीवरून, कुठल्याही बाजूला न झुकता केलेला सर्वांत चांगला अंदाज. जनावराची स्वतःची कामगिरी, आईबापांची, भावंडांची, पिल्लांची, सगळं एकत्र तोलायचं आणि त्यातून गोठ्याच्या सोयींचा, चाऱ्याचा, वयाचा वाटा वजा करायचा. फ्रान्समध्ये उडीच्या खऱ्या घोड्यांसाठी याच पद्धतीने काढलेले आकडे छापले जातात, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कितपत भरवशाचा आहे हे सांगणारा दुसरा आकडा असतो. खेळातला ब्लप घोडा किती नीट वाढवला ते सांगतो. खरा ब्लप घोडा पुढे काय देईल ते सांगतो. नाव एक, अर्थ जवळजवळ उलटे. हा फरक डोक्यात बसला की निम्मी निवड सोपी होते.

ज्या खेळांत जन्मजात आकडा दिसतच नाही आणि फक्त स्पर्धेतली कामगिरी दिसते, तिथे एक गुणाकार मनाशी धरून ठेवा. समजा एक नर बाकीच्यांपेक्षा २० गुण वरचढ आहे, आणि त्या खेळात कामगिरीतला निम्मा फरक रक्तातून येतो, निम्मा प्रशिक्षण आणि नशिबातून. मग त्या २० मधले १० खरे त्याचे. त्यातले निम्मे शिंगरात उतरणार, म्हणजे ५. वीस गुणांनी चमकणाऱ्या घोड्याची शिंगरं सरासरीने पाचच गुण वर येतात. यात कोणी फसवलेलं नसतं. रक्ताचा वाटा तेवढाच होता.

चांगल्या जोडीची शिंगरं खाली का घसरतात

माइनक्राफ्टमध्ये घोड्यांना नर-मादी असा भेद नाही, तरी ही गोष्ट समजायला त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. त्या खेळाच्या १.१९.४ या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०२३ पर्यंत, शिंगराचा प्रत्येक गुण असा ठरायचा: एक पालक, दुसरा पालक आणि एक कुठलाही अनोळखी घोडा, तिघांची सरासरी. घोड्याचं आरोग्य १५ ते ३० मध्ये असतं आणि अनोळखी घोड्याचं सरासरी साडेबावीस. दोन्ही पालक २८ चे, म्हणजे उत्तमच, असले तरी शिंगरू सरासरीने २६.२ चं होणार. २८ च्या वर जायला तो अनोळखी तिसरा २९ किंवा ३० चा निघावा लागतो, आणि त्या खेळाच्या गणिताप्रमाणे ही शक्यता २४ मध्ये एक आहे. मग लोक म्हणायचे, 'इतकी चांगली जोड लावली तरी शिंगरू साधंच.' जोड चांगलीच होती. तिसरा घोडा कोणाला दिसत नव्हता, एवढंच. नव्या आवृत्तीत सूत्र बदललं आणि शिंगरू पालकांच्या वर जाण्याचा रस्ता मोकळा झाला, पण नशिबाचा हात तसाच राहिला.

खऱ्या घोड्यांत तो अनोळखी तिसरा नसतो, पण त्याची जागा घेणारं काहीतरी असतं. प्रत्येक पालक आपल्या जनुकांच्या जोड्यांतलं एकेकच देतो, आणि कुठलं देईल हे नाणेफेकीसारखं. त्यामुळे सख्ख्या भावांमध्येही मोठा फरक पडतो. गॅलिलिओ हा थरोब्रेड घोडा आपल्या काळातला अव्वल वळू ठरला. त्याचा सख्खा भाऊ ब्लॅक सॅम बेलामी याने मोठ्या शर्यती जिंकल्या, पण वळू म्हणून तो भावाच्या जवळपासही गेला नाही. आई अर्बन सी, बाप सॅडलर्स वेल्स, दोघांचे तेच.

म्हणून 'याचा भाऊ उत्तम निघाला, हाही ठेवतो' हा विचार मी सोडून दिला आहे. भावाकडून एवढंच कळतं की ही जोड पुन्हा लावण्यासारखी आहे. शिंगराचं स्वतःचं पान वेगळं वाचावं लागतं.

बेरीज मोठी असून चालत नाही

आता आकडे वाचायचे कसे ते बघू. एकूण बेरीज हा सगळ्यांत आळशी निकष आहे, आणि खेळाच्या याद्या त्याच क्रमाने लागतात म्हणून सगळे तोच वापरतात. उडीच्या स्पर्धांसाठी घोडे वाढवत असाल तर तग आणि वेग भरपूर असलेला, उडीत मात्र कच्चा असा नर बेरजेत पहिला येईल आणि तुमच्या पागेला जिथे खड्डा आहे तिथे काहीच घालणार नाही.

मी आधी माझ्या घोड्यांच्या पानावरून कागदावर एक ओळ काढते: माझ्या माद्यांची प्रत्येक गुणातली सरासरी. त्या ओळीत जो आकडा सर्वांत लंगडा असेल, त्याच गुणात जोर असलेला नर शोधायचा. पैदास म्हणजे आकडे जमवणं नाही, आपल्याकडच्या घोड्यांत कमी काय आहे ते भरून काढणं आहे, हे मला पटलेलं आहे. नर स्वतः किती देखणा आहे यापेक्षा माझ्याच वीस घोड्यांच्या पोटी तो काय देईल, हा प्रश्न त्याच्या पानाला विचारायचा.

दुसरी तुलना बापाशी. दहा नरांना एकमेकांशी जोखणं सोपं असतं, पण दहांत पहिला आलेला नर चालू वळूपेक्षा कमी असेल तर तो ठेवून पागा मागे जाते. त्या हंगामात एकही नर न ठेवणं हाही निर्णयच आहे, आणि मला वाटतं बरेच खेळाडू तो घ्यायला कचरतात. चालू वळू अजून दोन हंगाम चालेल. घाई कसली?

रंग, खुणा आणि दडलेली जनुकं

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. तिथे घोडा बघणारा माणूस आधी पाय बघतो, मग तोंड. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर तो पंचकल्याणी, शुभ. अंगावरचे भोवरेही तपासले जातात. या खुणांवर भाव ठरतो. खेळातही हेच होतं. दुर्मीळ रंगाचं शिंगरू जन्मलं की बाकी काही न बघता ते ठेवलं जातं. रंगाला बाजारात किंमत असेल तर ठेवायला माझी ना नाही. मग तो विकण्यासाठी ठेवला, असं सरळ मान्य करावं आणि त्याला सगळ्या घोड्यांवर लावू नये.

खऱ्या रंग-जनुकांवर उभ्या असलेल्या खेळांत रंगामागे धोकाही असतो. 'फ्रेम' नावाची पांढऱ्या डागांची नक्षी फार सुंदर दिसते. तिचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर नक्षी, दोन्हीकडून आलं तर शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं आणि आतड्यात नसांचं जाळं नीट न झाल्यामुळे काही दिवसांतच मरतं. काही घोड्यांत हे जनुक असूनही नक्षी इतकी अंधुक असते की डोळ्यांना कळत नाही. असा नर वळू केला, तर इतर घोड्यांच्या निम्म्या शिंगरांत जनुक पसरतं, आणि पुढे त्याच्या वंशातले हे जनुक असलेले दोन एकत्र आले की चारांतलं एक शिंगरू दगावतं. खेळात जनुक-चाचणी विकत मिळत असेल तर ठेवायच्या नरावर तो खर्च करावाच. विकायच्या नऊ नरांवर करू नये.

एका नराने केवढा पसारा होतो याचं खरं उदाहरण अमेरिकेत घडलं. १९६९ साली जन्मलेला 'इम्प्रेसिव्ह' हा क्वार्टर नावाच्या अमेरिकी जातीचा घोडा पिळदार स्नायूंसाठी इतका गाजला की त्याची दोन हजारांहून जास्त शिंगरं झाली. नंतर कळलं की त्याच्या वंशातून स्नायूंचा एक आनुवंशिक आजार पसरतो आहे, ज्यात रक्तातलं पोटॅशियम वाढून घोड्याला झटके आणि अशक्तपणा येतो. जनुक प्रबळ, म्हणजे एकाच बाजूने आलं तरी पुरे. १९९२ मध्ये चाचणी आली. २००७ पासून जन्मलेल्या, दोन्हीकडून ते जनुक मिळालेल्या शिंगरांची नोंद करणं अमेरिकेच्या क्वार्टर घोडा संघटनेने थांबवलं. लोकांनी तो नर दिसण्यावरून ठेवला होता, आणि दिसत होता तो खरंच सुंदर.

एक ठेवावा की दोन?

वरच्या हिशेबात एक नर ठेवला तर वाढ सर्वांत जास्त, ११ गुण. मग एकच का ठेवू नये? याचं उत्तर मी स्वतःच्या तबेल्यात शिकले. एका खेळात मी सलग चार पिढ्या एकाच वंशाचा नर वापरला. आकडे झरझर चढले, आणि पाचव्या पिढीत कुठलीही घोडी कुठल्याही घोड्याला लावायला गेले तरी दोघांचा आजा एकच. खेळाने जवळच्या नात्यासाठी वजाबाकी ठेवली होती. तीन हंगामांची वाढ त्यात वाहून गेली. बाहेरून नर आणावा लागला, आणि बाहेरचा नर माझ्या घोड्यांच्या तोडीचा नव्हता.

मोजायचं कसं? सावत्र भाऊ-बहिणीची जोड लावली तर शिंगराच्या जनुकांच्या साडेबारा टक्के जागांवर दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. बाप-मुलगी किंवा सख्खी भावंडं असतील तर पंचवीस टक्के. जितक्या जागा अशा एकसारख्या, तितकी दडलेली दुबळी जनुकं उघडी पडण्याची शक्यता.

पूर्ण तबेल्यासाठी याचंच एक जुनं सूत्र आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चारपट, आणि भागिले दोघांची बेरीज. २० घोड्या आणि १ नर असेल तर उत्तर येतं ३.८. म्हणजे दिसायला एकवीस जनावरं, पण रक्ताच्या हिशेबात जेमतेम चार. २ नर असतील तर ७.३, ३ असतील तर १०.४, ४ असतील तर १३.३. याच्या दुपटीने एकाला भागलं की प्रत्येक पिढीत नातं किती घट्ट होतं ते कळतं. एका नराला पिढीमागे सुमारे १३ टक्के, दोघांना ७, तिघांना ५.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. एक नर: वाढ ११, नातं १३ टक्के. दोन नर: वाढ १०, नातं ७ टक्के. तीन नर: वाढ ९, नातं ५ टक्के. दुसरा नर ठेवल्याने एक गुण जातो आणि नात्याचा धोका जवळजवळ निम्मा होतो. इतका स्वस्त सौदा या खेळात दुसरा नाही. चौथ्या नरापासून फायदा आटतो. म्हणून वीस घोड्यांच्या तबेल्यात दोन किंवा तीन नर, आणि तेही वेगवेगळ्या बापांचे, असा माझा नियम आहे. दोन्ही नर एकाच बापाचे असतील तर या सूत्रातलं उत्तर फसवं ठरतं. रक्त एकच राहतं.

हाउर्ससारख्या खेळांत जवळच्या नात्याची अशी शिक्षा नाही. तिथे एकच नर ठेवून सुसाट जाता येतं, आणि लोक जातात. आधी आपल्या खेळाचा नियम तपासायचा. खऱ्या थरोब्रेडमध्ये मात्र ही किंमत चुकवली जाते आहे. आजच्या थरोब्रेड नरांतल्या सुमारे ९५ टक्के नरांची बापाकडची साखळी डार्ली अरेबियन या एकाच घोड्याशी जाऊन मिळते.

जे जन्माच्या दिवशी दिसत नाही

काही गोष्टी शिंगरावर कधीच लिहिलेल्या नसतात. नॉर्दर्न डान्सर हा थरोब्रेड घोडा १९६२ साली वर्षभराचा असताना कॅनडात विक्रीला उभा केला होता, किंमत २५ हजार डॉलर. अंगाने लहान, म्हणून कोणी घेतला नाही. दोन वर्षांनी त्याने केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली, आणि वळू म्हणून तो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी घोड्यांत गणला गेला. उलट १९७३ ला बेलमाँटची शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकणारा सेक्रेटेरिएट. त्याचा एकही मुलगा त्याच्या तोडीचा निघाला नाही. मुलींनी मात्र स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट यांना जन्म दिला, आणि तिघेही मोठे वळू झाले. सिगार तर शर्यतीत अजिंक्य वाटावा असा घोडा. १९९६ मध्ये निवृत्त करून पैदाशीला लावला तेव्हा कळलं की तो वांझ आहे.

म्हणून खेळ परवानगी देत असेल तर नव्या नराला पहिल्याच हंगामात सगळ्या घोड्या देऊ नका. चार-पाच मध्यम घोड्या द्या. त्यांची शिंगरं आईंच्या मानाने वर आली की खाली गेली ते बघा. उत्तम घोड्या दिल्या तर शिंगरं उत्तम होणारच, त्यात नराचं कर्तृत्व कळत नाही. चार-पाच शिंगरांवरून पक्कं काही ठरत नाही हे खरं, पण आकडे लपवणाऱ्या खेळात तेवढाही पुरावा सोन्यासारखा असतो. आणि नर काढून टाकण्याआधी त्याच्या मुलींचीही शिंगरं एकदा तपासा.

या हंगामात माझ्यापुढे तीन नर उरले. माझा तबेला उडीचा. स्पर्धेत उडीचं वजन निम्मं, तग आणि वेगाचं पाव-पाव. माद्यांची सरासरी तग ७०, वेग ६८, उडी ५२. चालू वळू ७२, ७५, ५५.

क्रमांक ४: तग ७८, वेग ७९, उडी ५१. बेरीज २०८, यादीत पहिला, रंगाने काळाभोर. क्रमांक ७: ६९, ७०, ६६. बेरीज २०५. दोघेही चालू वळूचेच मुलगे. क्रमांक ९: ७१, ७२, ६०. बेरीज २०३. याची आई गाभण असतानाच मी विकत आणली होती, त्यामुळे बाप बाहेरचा.

स्पर्धेच्या वजनाने मोजलं तर चालू वळू ६४.२५. क्रमांक ४ त्याच्या अर्ध्याच गुणाने वर, ६४.७५. क्रमांक ७ येतो ६७.७५ वर आणि क्रमांक ९ येतो ६५.७५ वर. माझ्या घोड्यांना उणीव उडीची, आणि ती बेरजेतला पहिला नर भरून काढत नव्हता.

क्रमांक ७ आणि ९ ठेवले. सातला जुन्या, बाहेरून आणलेल्या घोड्यांवर लावणार, कारण तबेल्यातल्या तरुण घोड्यांपैकी बऱ्याच त्याच्या सावत्र बहिणी आहेत. त्या बहिणी नऊकडे जातील. काळा चार कालच दुसऱ्या खेळाडूला विकला. त्यांचे घोडे सपाट शर्यतीचे आहेत आणि त्यांच्या घोड्यांत वेगच कमी होता. आज सकाळी सात आणि नऊला नावं दिली.